थोरलीची काळी पाच

आई: बंद कर तो तुझा कीबोर्डचा डबा. आणि हॉलवाल्यांना फोन लाव. सांग, रविवारच्या कार्यक्रमातून आमचं नाव काढा.

धाकटी: आई, एक ओळ चढली नाही म्हणून कोणी नाव काढतं का?

आई: एक ओळ? अंतऱ्याला गेले की गळा चिरकतोय. बिनतेलाचं दार बरं. समोरच्या बाई खिडकीशी येऊन बघून गेल्या, घरात कोणी पडलं-बिडलं की काय म्हणून.

धाकटी: बाबा गेल्यापासून दोन वर्षं तू साधं गुणगुणलीसुद्धा नाहीस. पहिल्याच दुपारी सगळं जागेवर कसं येईल? मी मघापासून सांगतेय, जरा खाली घेऊ. दोन पट्ट्या फक्त. कोणाला कळणार आहे?

आई: मला कळेल. माझी पट्टी काळी पाच. पाचव्या काळीवर माझा सा. लग्नाआधी तिथंच, तू पोटात होतीस तेव्हाही तिथंच, आणि ह्यांच्याबरोबर शेवटचा कार्यक्रम केला तेव्हाही तिथंच. दर वेळी पडदा वर जायच्या आधी हे वाकून हळूच विचारायचे, "बाईसाहेब, पट्टी?" आणि मी म्हणायचे, "तीच." जन्मात दुसरं उत्तर दिलं नाही. आणि आता ते नाहीत तर खाली उतरू?

धाकटी: उतरणं काय त्यात? माझ्या स्टुडिओत चांगले नावाजलेले लोक येतात. बिनदिक्कत सांगतात, आज घसा ठीक नाही, खाली घे.

आई: तुझ्या स्टुडिओचं कौतुक मला नको सांगूस. लोकांचे वाकडे सूर कॉम्प्युटरवर सरळ करून देता तुम्ही. इस्त्रीचं दुकान आहे ते. आमच्या वेळी असली लबाडी नव्हती. लागला तर लागला, नाही तर समोर माणसं बसलेली असायची.

धाकटी: त्या इस्त्रीच्या दुकानावर माझं घर चालतं, बरं का.

आई: चालू दे की. मी कुठं नाही म्हणतेय? माझ्या गळ्यावर इस्त्री नको, एवढंच. अगं, शेवटच्या कार्यक्रमाला हीच ओळ मी हसत घेतली होती. तू समोर बसली होतीस. घेतली होती की नाही?

धाकटी: घेतली होतीस.

आई: मग? हे गेले आणि जाताना माझा गळा घेऊन गेले. झालं. मान्य करायचं आणि गप्प बसायचं.

धाकटी: असं नको ना बोलूस. तो हॉल पाडतायत आई. तिथला हा शेवटचा रविवार. सगळे जुने ऑर्केस्ट्रावाले येणार, दोन-दोन गाणी म्हणणार. तुमचं दोघांचं अर्धं आयुष्य त्या स्टेजवर गेलं. तू नसलीस तर...

आई: मी असले आणि चिरकले तर? त्यापेक्षा नसलेली बरी. लोकांच्या कानात मी होते तशी राहू दे. बघ, बेल वाजतेय.

धाकटी: ते काका असतील.

आई: कोण काका? आणि तू का हसतेयस?

काका: उघडा लवकर! खांदे निखळले माझे!

आई: भाऊजी? आणि हे काय खांद्यावर... अगंबाई! ही आपली थोरली!

काका: थोरलीच. वजन तसूभर कमी झालेलं नाही. जिन्यात दोनदा थांबलो. एकदा तिला टेकवलं, एकदा मी टेकलो.

आई: पण ही कपाटामागे होती. खोळीत घालून ठेवलेली. परवाच तर मी धूळ झटकली.

धाकटी: परवा तू उशा झटकल्यास. पंधरा दिवस झाले, खोळीत दोन लांब उशा आहेत.

आई: माझ्याच घरात चोरी! आणि भाऊजी, तुम्ही सामील?

काका: मी हमाल. मला काही विचारू नका वहिनी.

धाकटी: दुरुस्तीला दिली होती. रविवारी मी तुला थोरलीवर साथ करणार, असं माझं ठरलं होतं. ती वेळेत येते की नाही म्हणून हा माझा कीबोर्ड आणला सरावाला.

आई: मला विचारायचं तरी.

धाकटी: विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. बाबांच्या नंतर तिला कोणी हात लावलेला तुला चालत नाही. बाबा होते तेव्हा त्यांना चालायचा नाही. काका, तुम्हीच बघा, कीबोर्डला म्हणायचं थोरली आणि पोटच्या पोरीला धाकटी! शाळेत बाई विचारायच्या, तुझी मोठी बहीण कुठल्या वर्गात गं? मी सांगायचे, ती कपाटामागे राहते.

काका: आता ती तुझ्या आदल्या वर्षी घरात आली, त्याला कोण काय करणार? मान तिचाच. मला आठवतंय, ती आली त्या दिवशी तुझ्या बाबाने आम्हाला जेवू दिलं नाही. म्हणाला, आधी हे ऐक, मग हे ऐक. एकाच पेटीत पियानो, त्यातच बासरी, त्यातच ढोल. म्हटलं, ढोल आहे तर माझं काय काम? तर म्हणाला, ठेकेदार, ह्या ढोलाला घाम येत नाही, लोकांना घाम आलेला बघायचा असतो. तेव्हापासून मी ठेकेदार.

आई: लावा, त्या स्टँडवर लावा. सांभाळून. डाव्या अंगाला एक पट्टी अडकते, तिकडून धरू नका.

धाकटी: ती अडकणारी तशीच आहे. दुरुस्तीवाला म्हणाला, हिचा सुटा भाग आता कुठं मिळत नाही. आणि आतली बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. ती बंद पडली असती तर बाबांनी इतक्या वर्षांत भरून ठेवलेलं सगळं पुसलं गेलं असतं. त्यानं आधी सगळं उतरवून घेतलं, मग बदलली.

आई: सगळं म्हणजे?

धाकटी: सगळी गाणी. बाबांनी कुठली पट्टी किती जोरात दाबली, कुठे थोडं रेंगाळले, सगळं. सुरू केलं की ते जसे वाजवायचे तसंच वाजतं. हिची ही एक गोष्ट मात्र मानायला हवी.

काका: एक? अगं, एकीत अख्खा ताफा होता! डाव्या हाताला बेस, उजव्या हाताला व्हायोलिनं, आणि आधी भरलेला बाकीचा पसारा मागे आपोआप चालू. आम्ही तिघं टेम्पोतून उतरलो की यजमान गल्लीच्या टोकाकडे बघत राहायचे. बाकीचे मागच्या गाडीत आहेत का?

आई: व्हायोलिनांचं नाव नका काढू. मांजर शिंकल्यासारखी वाजायची.

काका: ती लांबून ऐकायची होती वहिनी.

आई: हेही असंच म्हणायचे. पहिल्या रांगेतल्यांनी तक्रार केली की त्यांना मागे जाऊन बसायला सांगायचे!

धाकटी: आणि एका वेळी सूर किती? बत्तीस. तेहेतिसावा आला की आधीचा एक गुपचूप गळायचा. शेवटच्या धुमाळीत सगळं एकदम वाजायला लागलं की मागची बासरी गायब.

काका: अस्सं होय? मला वाटायचं, त्या हॉलचीच वीज कमी-जास्त होते.

आई: आणि वीज गेली की हिचं सगळं पहिल्यापासून. लवकर जागी व्हायची नाही. एकदा त्या स्वागतसमारंभात मधेच दिवे गेले, आले, आणि ही झोपलेली. मी माईक धरून उभी. किती वेळ बोलणार? शेवटी नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंना वर बोलावलं, म्हटलं दोन ओळी म्हणा. त्या जी गायला लागल्या ते खाली उतरेचनात. थोरली जागी झाली, परत झोपायची वेळ आली, आत्याबाई आपल्या चालूच.

काका: तरी पियानो! पियानोला मी नाव ठेवू देणार नाही. हलकं बोट ठेवलं की हलका, मनापासून ठेवलं की मनापासून. आणि ते पट्टी बदलायचं बटण. कोणी पाहुणा गायक आला, म्हणाला मला तीन खाली पाहिजे, की तुझा बाबा एक बटण दाबायचा. बोटं तिथल्या तिथं, सूर खाली. दुसऱ्या वादकाला घाम फुटला असता.

आई: ते पाहुण्यांसाठी. माझ्यासाठी त्या बटणाला हात लावायची पाळी ह्यांच्यावर कधी आली नाही.

काका: नाही आली. ते खरंच.

धाकटी: आणि हिचा सगळ्यात मोठा दोष तुम्ही दोघंही विसरलात. स्क्रीन! काही म्हणजे काही दिसायचं नाही. बाबा डोळे बारीक करून नाक लावायचे तिला.

आई: किती मागे लागले असेन मी. दुरुस्त करा, डोळे जातील. एकच उत्तर. "मला दिसतंय तेवढं पुरे."

काका: मी तर एकदा दुरुस्तीवाल्याला घरी घेऊन आलो होतो. तुझ्या बाबानं त्याला चहा पाजला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि दारापर्यंत पोचवून आला. थोरलीची खोळसुद्धा काढली नाही.

धाकटी: म्हणून मी पहिल्यांदा तीच बदलायला सांगितली. थांबा, लावते. बघ आई.

आई: अगंबाई, केवढा उजेड! निळाशार. अक्षरं आहेत होय त्यात? माझा चष्मा आत आहे. काय लिहिलंय?

धाकटी: अजून जागी होतेय. हं. ही गाणी. शेवटच्या कार्यक्रमाचं सगळं जसंच्या तसं आहे. तेच गाणं काढलंय, सुरू करू?

आई: नको. नुसता सा दे. काळी पाच. बघू, हिच्यावर तरी काय होतंय ते. चिरकलं तर फोन लावायचा, आणि परत मला आग्रह करायचा नाही. कबूल?

धाकटी: कबूल. हा घे सा.

आई: हा. हा माझा सा. तुझ्या डब्यातला मघाशी परका वाटत होता बघ. पाहुण्यांच्या घरी पाण्याची चव वेगळी लागते ना, तसा.

धाकटी: आई, पण हा सूर जरा...

आई: बोलू नकोस. वाजव.

(गाणं. अंतऱ्यातली चढाची ओळ येते आणि जाते.)

काका: वहिनी.

आई: आली ना ओळ? भाऊजी, तुम्ही सांगा. खोटं बोलायचं नाही. आली ना?

काका: आली? अहो, येऊन बसली. माझ्या अंगावर काटा आहे, हा बघा. पण तुम्ही रडताय की हसताय?

आई: मलाच कळत नाहीये. गेला नाही माझा गळा. दोन वर्षं मी... रोज सकाळी उठून मनात म्हणायचे, नेलात ना, न्या. तुमचाच होता, तुम्हीच न्या. आणि हा इथंच होता! धाकटे, तुझा डबाच खोटा गं. उगाच मला रडवलंस.

धाकटी: हो आई. माझाच खोटा असेल.

आई: फोन लाव हॉलवाल्यांना. सांग, आम्ही दोन म्हणणार नाही. तीन म्हणू. नाही, थांब, मीच बोलते आतून, चहा टाकता टाकता. भाऊजी, उठायचं नाही. हातात चहा पडल्याशिवाय उठायचं नाही.

काका: कोण उठतंय? गेल्या ना आत? काय बाई आहे. वीस वर्षांनी लहान होऊन आत गेली. आणि तुझं तोंड का उतरलंय? एवढा बेत जमून आला तुझा.

धाकटी: काका, हळू बोला. इकडे या. मी आत्ता कुठली पट्टी दाबत होते?

काका: मला काय विचारतेस? मी ठोकणारा माणूस.

धाकटी: काळी पाच दाबत होते. माझ्या कीबोर्डवर मघाशी हीच दाबत होते. पण इथं सूर वेगळा आला. खालचा. पहिल्याच सुराला माझ्या कानाला टोचलं. दाबतेय पाचवी काळी आणि वाजतेय पाचवी पांढरी. तीन पायऱ्या खाली.

काका: बिघडली का? त्या दुरुस्तीवाल्यानं काही घोळ...

धाकटी: स्क्रीनवर बघा. वरच्या कोपऱ्यात. काय दिसतंय?

काका: वजा तीन. म्हणजे ते बटण? कोणा पाहुण्यासाठी दाबलं असेल, राहून गेलं असेल.

धाकटी: राहून गेलेलं बंद केल्यावर शून्यावर येतं. हे गाण्याबरोबर जपून ठेवलंय. मुद्दाम. थांबा, मागची बघते. हे सगळ्यात जुनं, शून्य. हेही शून्य. शून्य. हे काय लिहिलंय? नावाला आठच अक्षरं मावतात हिच्यात.

काका: ते? ते गिरणीच्या कामगारांचं संमेलन. काय गर्दी होती!

धाकटी: शून्य. आणि हे पुढचं, वजा एक.

काका: हे बघू. हे शाळेच्या मैदानावरचं. त्याच्या आधी वहिनींना तो मोठा खोकला झाला होता. महिनाभर आवाज बसला होता. आठवतं तुला?

धाकटी: आठवतं. मी दहावीला होते. हे वजा एक, हेही वजा एक. मग ही सगळी वजा दोन. आणि इथून वजा तीन. शेवटच्या कार्यक्रमापर्यंत.

काका: म्हणजे वहिनी...

धाकटी: म्हणजे आई कित्येक वर्षं काळी पाचमध्ये गायलेलीच नाही. तिचा गळा हळूहळू उतरत होता आणि बाबा तिच्या पायाखालची पायरी गुपचूप खाली घेत होते. ती समोर तोंड करून उभी. मागे वळून बघितलं तरी बोटं त्याच पट्टीवर. राहता राहिली स्क्रीन.

काका: मला दिसतंय तेवढं पुरे!

धाकटी: हो.

काका: अरे देवा. बासरीवाला!

धाकटी: कोण बासरीवाला?

काका: आला होता एक मधे. गोड वाजवायचा. पहिल्याच तालमीत म्हणाला, माझी बासरी जुळत नाहीये, तुमची काळी पाच जरा... एवढंच बोलला बिचारा. वहिनी पाणी प्यायला गेल्या होत्या. तुझा बाबा ताडकन उठला, त्याला चहाला म्हणून खाली घेऊन गेला आणि एकटाच परत आला. आम्ही म्हटलं, ह्याला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही. पुढे कोणी सुराचं वाद्य घेतलंच नाही आमच्यात. ढोलाला पट्टी नसते, म्हणून मी टिकलो. बघ, मला वाटत होतं, माझा ठेका चांगला आहे म्हणून टिकलो!

धाकटी: ठेकाही चांगलाच आहे, काका.

काका: असू दे, असू दे. समजूत नको घालूस.

धाकटी: काका, दहावीपर्यंत ते मला रोज शिकवायचे. ह्याच थोरलीवर. मांडीवर उशी ठेवून बसवायचे, हात पोचत नव्हते तेव्हापासून. आणि दहावीच्या वर्षी एकदम बंद. म्हणाले, अभ्यास कर. दहावी झाली, कॉलेज झालं, तरी हात लावू दिला नाही. मी खोलीत आले की हिला खोळ घालायचे. मला वाटायचं, माझं वाजवणं त्यांना आवडत नाही. मी चिडून वेगळा कीबोर्ड घेतला, वेगळं काम घेतलं. सगळं त्या खोळीमुळे.

काका: तुझा कान पक्का आहे. समोर बसून ऐकताना नाही, पण हिच्यावर बोट ठेवलं असतंस तर पहिल्या सुराला ओळखलं असतंस. आत्ता ओळखलंस तसं.

धाकटी: म्हणून.

काका: म्हणूनच गं पोरी.

धाकटी: मला सांगायचं होतं ना मग. मी काय ओरडत सुटले असते?

काका: सोळा वर्षांची होतीस. आईशी एक दिवस धड पटायचं नाही तुझं. भांडणात एकदा तोंडून निसटलं असतं, की संपलं.

धाकटी: तरी खोटंच बोलले तिच्याशी. एवढी वर्षं. आणि ती माझ्या कामाला नावं ठेवते, इस्त्रीचं दुकान म्हणते! तिच्या नवऱ्यानं घरात उघडलं होतं दुकान.

काका: तुझी इस्त्री गाऊन झाल्यावर. त्याचं तसं नव्हतं. सूर चुरगळूच नये म्हणून तो आधीच वाकायचा. आणि खोटं काय बोलला? पट्टी विचारायचा. ती म्हणायची तीच. हा तीच दाबायचा.

धाकटी: आणि वाजायची दुसरी. नाही काका, मला वाटतं तिला सांगायला हवं. तिचा गळा कोणी नेला नव्हता, हे तिला कळू दे. बाबांनी काय केलं ते कळू दे. मी तिच्या जागी असते तर मला कळायला हवं असतं.

काका: तू असतीस. ती तू नाहीस. गळा नेला नाही, ते तिला आत्ता कळलंच की. नवरा कसा होता ते तिला तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सांगून उरतं काय? रविवारी स्टेजवर उभी राहील, चढाची ओळ जवळ येईल आणि मनात येईल, वजा तीन. मग बघ ओळ कशी चिरकते.

धाकटी: पण मग आपण दोघं...

काका: आता काय दिसलं?

धाकटी: शेवटच्या कार्यक्रमाच्या पुढे आणखी आहेत.

काका: पुढे कशी असतील? शेवटचा तो शेवटचा.

धाकटी: तीच गाणी आहेत. नाव बघा. "नंतर". वजा चार. त्याच्या खाली पुन्हा तीच, "नंतर दोन". वजा पाच. त्याच्याही खाली आणखी दोन आहेत. काका, बाबांनी पुढचंही करून ठेवलंय. ती म्हातारी होईपर्यंतचं.

काका: दवाखान्यात भरती व्हायच्या आधी तो दार लावून थोरलीपाशी बसायचा. मी भेटायला आलो तरी दार उघडलं नाही. वहिनी म्हणाल्या, बसू दे, निरोप घेतायत तिचा.

धाकटी: निरोप नव्हता तो. सोय करत होते.

काका: रडू नकोस. आत ऐकू जाईल. त्यात काय काय वाजवून ठेवलंय बघ तरी.

धाकटी: बेस आहे. ताल आहे, तुमच्यासाठी जागा सोडून. ती शिंकणारी व्हायोलिनंसुद्धा आहेत. पियानो... पियानो नाहीये.

काका: वेळ पुरला नसेल.

धाकटी: नाही. चारही ठिकाणी नाहीये. जागा केलीय, आवाज लावून ठेवलाय, आणि आत काहीच वाजवलेलं नाही. बाकी सगळं त्यांचं, आणि पियानो रिकामा.

काका: मग कोण वाजवणार होतं तो?

धाकटी: मांडीवर उशी ठेवून कोणाला शिकवलं होतं त्यांनी, काका?

काका: अगं, मी आपलं विचारलं. मला कळलं. माझ्याही लक्षात आलं.

धाकटी: त्यांना माहीत होतं काका. की मी एक दिवस खोळ काढणार. त्यांना माहीत होतं, मी बसल्या बसल्या ओळखणार.

काका: आणि ओळखून काय करशील, तेही माहीत असणार. कप वाजतायत. येतायत त्या. काय ठरलं तुझं? आणि ते मागे काय चाचपतेयस?

धाकटी: स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करायचं चाक. इथंच कुठं तरी आहे. हं. मिळालं.

आई: घ्या चहा. बोलले हॉलवाल्यांशी. तीन गाणी. आमचं नाव सगळ्यात शेवटी ठेवतायत. म्हणाले, दिवे मालवायच्या आधी तुमचाच आवाज असू दे. काय खलबतं चालली होती? आणि तुझे डोळे का गं लाल?

धाकटी: धूळ. थोरलीच्या पोटातली.

आई: आणि हे काय! स्क्रीन मघाशी केवढी लख्ख होती. गेली?

धाकटी: गेली परत. जुनी आहे ना.

आई: गंडवलं तुला त्या दुरुस्तीवाल्यानं. उद्या सकाळी घेऊन जा आणि चांगली हजेरी घे त्याची. रविवारी स्टेजवर अडलीस म्हणजे?

धाकटी: नाही अडणार. मला दिसतंय तेवढं पुरे.

काका: वहिनी, चहा बशीत सांडतोय.

आई: सांडू दे. ऐकलंत कशी म्हणाली? तोच हेका, मान तशीच वाकडी. म्हणे थोरली बापाची आणि धाकटी आईची. कसली आईची! चला, पुन्हा एकदा घेऊ. भाऊजी, टेबलावर धरा ठेका. आणि तू अशी पोक काढून बसू नकोस, हे ताठ बसायचे.

धाकटी: बसले ताठ. बाईसाहेब, पट्टी?

आई: तीच.